मुखत्यारपत्र कोणी दिले?



२०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना सगळ्या देशाला माहीत झाला. त्याआधी आपल्या दादरकरांसाठी तो मुख्यतः पत्ता सांगायची खूण होता. "कबुतरखान्यापाशी उतरा", "कबुतरखान्यासमोरचं दुकान", एवढाच त्याचा रोजच्या बोलण्यातला उपयोग. त्या पावसाळ्यापासून मात्र आपल्यापैकी कितीतरी जणींना भाजी घेताना, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न ऐकावा लागला. "काकू, तुमच्या लोकांचं हे काय चाललंय?" विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची, वर्षानुवर्षे आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला येणारी. आणि जिला विचारले, तिने आयुष्यात कबुतराला मूठभर ज्वारीही टाकलेली नसेल.

यावर काय उत्तर द्यायचे, असे दोघी-तिघींनी मला विचारले. कबुतरांविषयी उत्तर सोपे आहे, ज्याचे त्याने आपले मत सांगावे. अडते ते 'तुमच्या लोकांचं' या दोन शब्दांपाशी. एका माणसाच्या कृत्याचा जाब त्याच्या अख्ख्या समाजाला, आणि अख्ख्या समाजाचा जाब समोर दिसेल त्या एका बाईला विचारायचा, ही रीत काही नवी नाही. आपल्याच समाजाच्या इतिहासात तिची मोठी उदाहरणे आहेत. आज त्यांतली काही सांगते.

आधी दादरला काय घडले ते तारखांनिशी पाहू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. कबुतरखाना १९३३ सालचा. मुळात ते स्मारक म्हणून बांधलेले कारंजे. आज तो वारसा वास्तूंच्या यादीत आहे. जुलै २०२५ च्या सुरुवातीला विधान परिषदेत मुंबईतल्या ५१ कबुतरखान्यांचा विषय निघाला. कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे फुप्फुसांचे आजार होतात, तेव्हा ते बंद करा, असे सरकारने महापालिकेला सांगितले. काही प्राणिप्रेमी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पालिकेची कारवाई थांबवली नाही, आणि ३० जुलैला मनाई मोडून दाणा टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितले. ऑगस्टच्या सुरुवातीला कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली. त्यात बायका पुष्कळ होत्या, आणि तीच दृश्ये टीव्हीवर दिवसभर फिरली. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. १३ तारखेला मराठी एकीकरण समितीने त्याच चौकात उलट बाजूचे आंदोलन केले आणि पोलिसांनी कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले. त्याच सुमारास एका मुनींच्या तोंडून शस्त्र उचलण्याची भाषा आली. झाले. दोन-चार दिवसांत हा प्रश्न कबुतरांचा राहिला नाही, 'जैन विरुद्ध मराठी' असा झाला.

आता साधा हिशेब करा. ताडपत्री फाडायला जमलेली माणसे किती? फार तर काही शे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात जैन सुमारे १४ लाख, भारतात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख. देशातले सगळ्यांत जास्त जैन महाराष्ट्रातच आहेत. या १४ लाखांत हिरेव्यापारी आहेत तसे शिरोळ-हातकणंगल्याचे ऊसकरी शेतकरी आहेत, कासार आहेत, सैतवाळ आहेत, शाळामास्तर आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या बायका आहेत. कोणाची घरची भाषा गुजराती, कोणाची कच्छी, कोणाची मारवाडी, कोणाची कानडी आणि लाखोंची मराठी. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जो मराठी लेख कोरलेला आहे, तो मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. म्हणजे 'जैन विरुद्ध मराठी' या वाक्यात अर्धे लोक दोन्ही बाजूंना मोजावे लागतील.

भाषा सोडा, खुद्द प्राण्यांना खाऊ घालण्याविषयीसुद्धा जैनांचे एकमत कधी नव्हते. श्वेतांबरांतला तेरापंथ १७६० साली आचार्य भिक्षूंनी सुरू केला. त्या वेळच्या मोठ्या वादांपैकी एक याच विषयावर होता. भुकेल्याला अन्न देणे, जीव वाचवणे ही लौकिक दया झाली, आत्मशुद्धीचा धर्म त्याहून वेगळा आहे, या दोन्हींची गल्लत करू नये, असे त्यांचे म्हणणे. इतर संप्रदायांना हे पटले नाही. जीवदयेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. हा वाद अडीचशे वर्षे चालू आहे. म्हणजे कबुतराला दाणा टाकणे हे पुण्य की निव्वळ चांगली सवय, यावर दोन साधूसुद्धा एकमेकांचे म्हणणे खोडून काढतील. अशा समाजाची 'भूमिका' एका वाक्यात सांगा, असे आपल्याला मंडईत उभ्या-उभ्या विचारले जाते.

उलट बाजूही पाहू. मुंबईत मुक्या प्राण्यांची कणव ही एकट्या जैनांची मक्तेदारी नव्हतीच. १८३२ साली इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा फोर्टात दंगल झाली. ती सुरू केली पारशी लोकांनी, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. मागून हिंदू आणि जैन त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. तिचे संस्थापक सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह. एक पारशी आणि एक व्यापारी शाह. आज पांजरपोळ म्हटले की लोक 'जैनांची' म्हणतात. चांगल्या कामावरही आपण नकळत एकाच समाजाची पाटी लावतो, बाकीच्यांचे नाव पुसले जाते. पाटी लावण्याची सवय लागली की मग ती चांगल्या-वाईट दोन्ही कामांवर लागते.

आता ज्याला खरोखर समाजाने प्रतिनिधी म्हणून पाठवले, त्या माणसाची गोष्ट. १८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्या परिषदेचे निमंत्रण आपल्याकडे आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. जैन साधू समुद्रप्रवास करू शकत नाहीत. म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना तयार करून पाठवले. वीरचंदभाई महुव्याचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर, जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे सेक्रेटरी. पालिताण्याला यात्रेकरूंवर बसणाऱ्या कराचा तंटा मिटवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिकागोला गेले तेव्हा वय अवघे २९.

तिथे काय झाले? जैन धर्मावर ते बोललेच. पण परिषदेत एका पाद्र्याने हिंदू मंदिरांतल्या देवदासींवरून सगळ्या भारतीय धर्मांवर ताशेरे ओढले, तेव्हा उत्तर द्यायला हेच उठले. आपल्या धर्मावर कोणी टीका केलेली नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकले. तेवढे बोलून ते बसू शकले असते. पण ते पुढे म्हणाले की ज्या वाईट गोष्टी दाखवल्या जात आहेत त्या समाजातल्या आहेत, त्या धर्मामुळे नाहीत, धर्म असूनही आहेत, आणि अशा गोष्टी प्रत्येक देशात असतात. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. परक्या देशात गेलेल्या त्या एका तरुणाला तीस कोटींच्या देशाचा जाब देणे भाग पडले. त्याने तो दिला, आणि देताना प्रश्नातली चूकही दाखवून दिली.

घरी परतल्यावर काय वाटले असेल? सत्कार? १८९५ मध्ये ते मुंबईला आले, तेव्हा आपल्याच लोकांतल्या एका गटाने त्यांना संघाबाहेर काढा अशी मागणी केली. गुन्हा काय, तर समुद्र ओलांडला. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून ते टिकले. तरी वीरचंदभाई पुन्हा परदेशी गेले, व्याख्याने दिली, कायद्याचा अभ्यास केला, आणि १९०१ मध्ये सदतिसाव्या वर्षी वारले. शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले आणि आपण सगळ्यांनी ते अभिमानाने एकमेकींना दाखवले.

या माणसाकडे खरे मुखत्यारपत्र होते. तरीही बाहेरच्यांनी त्याला साऱ्या हिंदुस्थानच्या दोषांचे उत्तर मागितले, आणि घरच्यांनी तो सगळ्यांचा चेहरा आहे म्हणून त्याच्याकडून इतरांपेक्षा दुप्पट सोवळेपणाची अपेक्षा केली. ज्याला रीतसर नेमले त्याची ही गत, मग ज्यांना कोणी नेमलेच नाही त्यांचे काय?

दुसरी गोष्ट आपल्या दक्षिण महाराष्ट्रातली. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे निघाली, त्यात जैन बोर्डिंगही होते. त्याचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. विद्वान माणूस. १९०५ साली जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी लिहिले, पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. त्यांच्याच बोर्डिंगमध्ये कुंभोजला जन्मलेला, ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातला एक मुलगा होता. नाव भाऊराव. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तेव्हा हा मुलगा त्या समारंभाला गेला. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, असे त्याला सांगण्यात आले. तो नाही म्हणाला. बोर्डिंगमधून त्याला बाहेर काढण्यात आले. हेच आपले कर्मवीर भाऊराव पाटील.

कथा इथे संपत नाही. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर धरला गेला. भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून काढले, त्याच्यावर सूड उगवायची केवढी सोपी संधी! भाऊरावांनी छळ सोसला, कोठडी सोसली, जीव द्यायलाही निघाले, पण खोटी साक्ष दिली नाही.

आता सांगा, त्या काळी कोणी कोल्हापुरात येऊन 'अस्पृश्यतेबद्दल जैनांची भूमिका काय' असे विचारले असते, तर उत्तर कोणाचे धरायचे? अधीक्षकांचे की विद्यार्थ्याचे? दोघे जैन, दोघे एकाच भागातले, दोघे एकाच छपराखाली राहणारे. आणि लठ्ठ्यांनाही त्या एका दिवसावरून तोलू नये. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कामात, मुलामुलींच्या शिक्षणात त्यांनी आयुष्य घातले. एकाच माणसाच्या दोन कृत्यांचा मेळ बसत नाही, तिथे एका समाजाचा कुठून बसणार?

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. ते सारे घर चालवले लक्ष्मीबाईंनी. मला भाऊरावांपेक्षा त्यांचा विचार जास्त येतो, कारण स्वयंपाकघर आपल्याला कळते. जुन्या वळणाच्या जैन घरातली मुलगी, सोवळे-ओवळे अंगात मुरलेले. तिने हळूहळू ते सोडले, साऱ्या जातींच्या पोरांना स्वतः रांधून वाढले, दुखण्यात त्यांची उस्तवार केली. दागिने एकेक करून गेले. एके दिवशी मुलांसाठी घरात दाणा नव्हता, तेव्हा तिने मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये ती गेली, रयतेचा वटवृक्ष पुरता वाढलेला पाहायला मिळाला नाही. हे सगळे तिने 'जैन समाजाच्या वतीने' केले का? नाही. तेव्हाच्या समाजातल्या कितीजणांनी नाके मुरडली असतील. तिने ते स्वतः ठरवून केले. म्हणून ते पुण्य तिचे आहे.

इथे आपल्याला थोडे अवघड वाटेल असे बोलते. आपण महावीर जयंतीच्या मिरवणुकीत कर्मवीरांचा फोटो लावतो, 'आमचे कर्मवीर' म्हणतो. आनंदाची गोष्ट आहे. पण एकाच्या कर्तृत्वाचा नफा सगळ्यांच्या खात्यावर जमा करायचा, तर दुसऱ्याच्या कृत्याचा तोटाही सगळ्यांच्या खात्यावर पडणार. हिशेबाची वही एकच असते. जमेच्या बाजूला सही करायची आणि नावेच्या बाजूला 'ते आमचे नव्हेत' म्हणायचे, हे कुठल्याही ऑडिटरला पटणार नाही. कर्मवीरांकडून शिकावे, त्यांच्या संस्थेला देणगी द्यावी. मात्र आपण काही न करता त्यांच्या पुण्यात भागीदार व्हायला जाऊ नये.

भागीदार शब्द मुद्दाम वापरला. बी.कॉम.ला आम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ आणि भागीदारी कायदा, १९३२ असे दोन्ही होते. भागीदारीत प्रत्येक भागीदार हा फर्मचा एजंट असतो. त्याने धंद्यासाठी केलेल्या व्यवहाराने बाकीचे बांधले जातात, कारण त्यांनी करार करून तसे मान्य केलेले असते. धर्म ही काही भागीदारी फर्म नव्हे. आपण जन्माने एका घरात आलो, कोणाशी करारपत्र केले नाही. आणि करार कायदा सांगतो की ज्याला मालकाने अधिकार दिला नाही, त्याच्या व्यवहाराला मालक बांधील नाही. नंतर त्याने स्वतःहून मान्यता दिली तर मात्र तो बांधील होतो.

हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण आपली सुटका आणि आपली जबाबदारी दोन्ही त्यातच आहेत. ताडपत्री फाडणारी बाई माझी मुखत्यार नाही, म्हणून तिच्या वतीने मी माफी मागणार नाही आणि तिचे समर्थनही करणार नाही. पण तोच व्हिडिओ जिने टाळ्यांच्या चिन्हासह चार ग्रुपवर पाठवला, तिने मात्र स्वतःची सही केली. तिला विचारले तर तिने उत्तर द्यावे. ते उत्तर तिच्या स्वतःच्या कृत्याचे असेल, जन्माचे नाही.

दोष विचारणाऱ्यांचाच असतो असेही नाही. 'सकल जैन समाज' असे मोठे अक्षर फलकावर छापायचे आणि कोणालाही न विचारता त्याखाली आपले म्हणणे लिहायचे, हे आपल्यातले पुढारी नेहमी करतात. सकल म्हणजे कोण? चौदा लाखांपैकी कोणाची सही घेतली? बाहेरचा माणूस तो फलक वाचतो आणि समजतो की हे सगळ्यांचेच मत आहे. मग तो आपल्याला विचारतो तेव्हा त्याची चूक निम्मीच. उरलेली निम्मी त्या फलकाची.

एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैनांना देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. सवलत घेताना समाज, आणि जाब देताना व्यक्ती, हे कसे? मला वाटते दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कायदा समाजाला शाळा-संस्था चालवण्याचे संरक्षण देतो, कारण कमी संख्येच्या लोकांची भाषा, धर्म, संस्था मोठ्या प्रवाहात हरवू शकतात. तोच कायदा गुन्हा मात्र समाजावर नोंदवत नाही, माणसाच्या नावावर नोंदवतो. ६ ऑगस्टच्या बाबतीतही कारवाई झालीच तर ती कोणा एका-एकाच्या नावाने होणार, 'जैन' या नावाने नव्हे. कायद्याला जे कळते ते शेजाऱ्याला कळायला हरकत नाही.

आणि धर्माला तर ते कधीचेच कळलेले आहे. दिगंबर असो वा श्वेतांबर, बारा भावना आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकतो. त्यातली एक एकत्व भावना. जीव एकटा येतो, एकटा जातो, आणि आपल्या कर्माचे फळ एकटाच भोगतो. नवऱ्याचे कर्म बायको वाटून घेऊ शकत नाही, आईचे मुलगा घेऊ शकत नाही. मग कोणा अनोळखी माणसाचे कर्म केवळ आडनाव जुळते म्हणून माझ्या माथी कसे येईल? प्रतिक्रमणात आपण आपल्याच दोषांची आलोचना करतो. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो तेही आपल्या हातून जे घडले त्याचे. आणि अनेकान्त तर आपण जगाला शिकवायला निघतो. साध्या मातीच्या घड्याकडेही अनेक बाजूंनी पाहावे म्हणतो. चौदा लाख माणसांकडे एकाच बाजूने पाहणे हा एकान्त झाला, मग तो आपल्याविषयी दुसऱ्याने केलेला असो की दुसऱ्यांविषयी आपण केलेला.

दुसऱ्यांविषयी आपण केलेला, हे मी विसरून लिहिले नाही. सोसायटीत फ्लॅट भाड्याने द्यायचा असतो, तेव्हा आडनाव ऐकल्याबरोबर 'यांच्याकडे काय शिजत असेल' हा हिशेब आपल्याकडे होतोच ना? समोरच्या मराठी मुलीने आयुष्यात मासा खाल्ला नसेल, ती वारकरी घरातली माळकरी असेल, पण तिचे आडनाव तिच्या ताटाचे मुखत्यार होते. एका मुसलमान रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले की 'हे लोक असेच' म्हणणे, कामवाली न सांगता गावी गेली की 'यांच्यात असंच' म्हणणे, हे सगळे त्याच वहीतले व्यवहार आहेत. कबुतरखान्यावरून आपल्याला दुखले, ते दुखणे काय असते हे आता आपल्याला कळले आहे. त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

मग मंडईतल्या प्रश्नाचे उत्तर काय? मी जे म्हणते ते सांगते. पटले तर घ्या. "ते काय म्हणतात ते त्यांना विचारा. मला माझं विचाराल तर सांगते." आणि मग माझे मत सांगते: मुकी पाखरे उपाशी मरू नयेत, पण दम्याच्या म्हाताऱ्यांच्या खिडकीखाली पोत्यांनी दाणा ओतणे ही जीवदया नव्हे, कारण त्या म्हाताऱ्यातही जीव आहे. वस्तीपासून दूर, ठरल्या वेळी, साफसफाईची सोय करून दाणा घालावा. पुढे पालिकेने चार ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेपुरती अशी परवानगी दिली, ती मला बरी वाटली. ताडपत्री फाडणे मला पटले नाही, शस्त्राची भाषा तर अजिबात नाही. तुमच्यातल्या कोणाला माझे हे मत पटणार नाही, याची मला खात्री आहे. तसेच असू दे. तुम्हीही विचारणाऱ्याला तुमचेच मत सांगा. एकाच इमारतीतल्या दोन जैन बायकांनी दोन वेगळी उत्तरे दिली, तर विचारणाऱ्याला आपोआप कळेल की 'तुमचे लोक' नावाची कोणी एक व्यक्ती नसते.

विचारणाऱ्यावर रागावू मात्र नका. तो बहुतेक वेळा दुष्टपणाने विचारत नाही, त्याला ज्याला विचारायचे ती माणसे त्याच्या ओळखीची नसतात आणि आपण असतो, एवढेच. त्याला आपले मत द्या आणि त्याचे ऐकून घ्या. त्याच्या घरी कोणाला दम्याचा त्रास असेल तर त्याची विचारपूस करा.

पुढच्या लेखात चातुर्मासातल्या भाज्यांविषयी लिहायचे आहे. हिरव्या पालेभाजीशिवाय काय-काय करता येते ते तुमच्याकडूनही कळवा.

जय जिनेंद्र.